शहाण्या बाळाचं बक्षीस

माय, आज नगरपालिकेची नर्सबाई घरी येऊन माझ्या धाकट्या लेकराला पाहून गेली. जाताना तिनं विचारलं, "अफू देत नाही ना?" मी नाही म्हटलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण सकाळपासून डोक्यात तूच आहेस.

अजून दिसतं: तू नंदुरबारच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडतेस. माझा तान्हा भाऊ सरकीच्या ढिगाआड निजलेला असतो. पोर रडलं की मुकादम त्या बाईला घरी पाठवी, म्हणून सकाळी दुधात अफूची गोळी. सगळ्याच बाया देत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या वर्षी शाळेच्या पटांगणात बालसप्ताह भरला. जिनाचा सुट्टीचा भोंगा होऊन आपण पोचेपर्यंत डॉक्टरांचं अफूवरचं भाषण संपलं होतं, बाळांची वजनं चालली होती. बाकीची पोरं गाव डोक्यावर घेत होती आणि आपला भाऊ पारड्यात गप पडून होता. त्या गर्दीत त्याच्या पापण्या वर करून अफूनं बारीक झालेल्या बाहुल्या कुणी पाहिल्या नाहीत. मामलेदारांच्या बाई म्हणाल्या, "किती शहाणं बाळ! आईचं वळण दिसतं." आणि त्यांनी त्याला बक्षिसाचं रेशमी टोपडं घातलं. जन्मात तुला कुणी शाबासकी दिली नव्हती. तू लाजून पदर दातात धरलास.

परतताना शेजारीण म्हणाली, "पोऱ्या कितला शाना शे वं! तू काय करस त्याले?"

"काई नई वं. राईएवढी गोळी देस, मंग दिनभर उगामुगा ऱ्हास."

केवढ्या तोऱ्यात सांगितलंस! सरकारी बाईंनीच वाखाणलं म्हटल्यावर तुला शंका कशी यावी? पुढे त्याला दात येऊ लागले, तो किरकिर करू लागला. बक्षिसाचं बाळ रडतं कसं, म्हणून तू गोळी थोडी वाढवलीस. एका संध्याकाळी भोंगा झाला, तू त्याला उचललंस आणि तो उठलाच नाही. तू रडली नाहीस. सुतक फिटण्याआधीच जिनात गेलीस, मी तुझ्या मागोमाग. मलाही काही वाटत नव्हतं. पुढे तुझा राग यावा म्हणून मी खूप खटपट केली. तोही येत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, चुलीतच जायचं आहे, म्हणून सांगते. धाकटा फार वेळ शांत निजला की मी त्याला चिमटा काढते. तो टाहो फोडतो, सासूबाई माझा उद्धार करतात, आणि मला बरं वाटतं.