काळा चौकोन

१४ नोव्हेंबर २०१८, अलीगंज, लखनौ

चहा पिताना निषादने सांगून टाकलं, त्याला मुलगे आवडतात. हिंदीतच, अवघड काही असलं की माझा लेक हिंदीत बोलतो. आणि मी काय केलं? पेपरच्या कडेला पेन्सिलीने आमच्या घराण्याचा तक्ता काढायला घेतला, प्रयोगशाळेत आनुवंशिक आजाराच्या पेशंटच्या घरच्यांचा काढते तसा. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ. हे आलं कुठून? माझ्या माहेरून, की ह्यांच्या त्या बिनलग्नाच्या काकांकडून? बोलता बोलता निषादचा चौकोन काळा करून टाकला. हाताची सवय, दुसरं काय!

लहानपणापासून माझे तक्ते बघत आलाय तो. हळूच म्हणाला, "आई, काला तो बीमार को करते हैं ना?"

हे एका जनुकावर ठरत नाही, मला का ठाऊक नाही? मग मी शोधत काय होते? दोष कोणाचा, हेच ना?

तो उठून गेला. चौकोन खोडून बघितला, काळपट राहिलाच. शेजारी जोडीदारासाठी आडवी रेघ असते, ती मी ओढलीच नव्हती. तुझं कोणी आहे का रे, एवढंसुद्धा विचारलं नाही.