टॉर्क्विलची बादली

२ ऑक्टोबर
संकल्प: टॉर्क्विलला खाऊ घालणं आजपासून बंद. शिकारीचा हंगाम आहे. डोंगरातल्या हरणाला माणसाची भीती हवीच. माझा दीर लॅकी हेच म्हणतो. पाच हिवाळे झाले, मी बादली वाजवते, तो कुंपणाशी येऊन बटाट्याच्या साली खातो. आता पुरे.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ
साली उरल्या होत्या. अन्न वाया घालवायचं नाही, असं कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलं. उद्यापासून.

५ ऑक्टोबर
लॅकीचा घोटा मुरगळला. पाहुण्यांना शिकारीला नेणार कोण? मी. माझा नवरा फर्ग्युस होता तोवर तीस वर्षं त्याच्या मागोमाग हा डोंगर चढले. लॅकी म्हणाला, वहिनी, वाटा पाठ असून काय उपयोग, तुम्हाला कुणाला 'नाही' म्हणता येतं का? काहीतरीच. मी चांगली कडक आहे.

९ ऑक्टोबर
पाहुणे आले. मिस्टर फेरहल्स्ट, अँटवर्पचे निवृत्त दंतवैद्य. मी भाजलेला स्कोन, लोणी लावलेला छोटा पाव, तोंडात घालताच डोळे मिटले. फर्ग्युसही असेच मिटायचा.

आधी अंगणापलीकडच्या लोखंडी हरणावर नेमाची परीक्षा. तिन्ही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्याशिवाय इथे कुणी डोंगर चढत नाही. फर्ग्युसने एकदा एका सरदाराला परत पाठवलं होतं. मिस्टर फेरहल्स्टची एक बसली. एक पोटावर, एक कुठेच नाही. वारा होता. लॅकी खिडकीतून ओरडला, वारा असता तर वहिनी, तुमचा रुमाल नसता का हलला? दुखण्याने माणूस चिडका होतो.

१० ऑक्टोबर, सकाळ
पाहुण्यांना बजावलं: मी दाखवीन तोच नर, मी सांगेन तेव्हाच. म्हातारा, शिंगं उतरणीला लागलेला, हा हिवाळा न काढणारा. बर्फात उपाशी मरण्यापेक्षा एक नेमकी गोळी बरी. आमचा धर्मच तो.

टॉर्क्विलची काळजी नाही, तो ओढ्याच्या अलीकडेच असतो. लॅकी म्हणाला, ऑक्टोबरात माद्या सोडून कुठला नर घरी बसतो? लॅकीचं तर लग्नही झालेलं नाही.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
धुकं. दुर्बिणीची काच ओली. ओढ्यापलीकडे चार माद्या, एक म्हातारा नर. आमची चाहूल लागताच माद्या पळाल्या. नर मात्र उठला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. मिस्टर फेरहल्स्टनी हळूच विचारलं, मारू? मी हो म्हटलं.

पाठीची कमान करून तो धुक्यात गेला. गवतावर थोडं रक्त, त्यात चघळलेला हिरवा चोथा. घरी येऊन सांगितलं, तर लॅकी म्हणाला, पोटात बसली. मी म्हटलं, खरचटलं असेल. ओळखीचा नव्हता.

११ ऑक्टोबर
दिवसभर शोधलं. आमच्या कुत्रीने माग ओढ्यापर्यंत काढला, पुढे पाणी. म्हणजे तो धडधाकट असणार, दूर गेला असणार. मिस्टर फेरहल्स्ट फार दिलगीर होते, पण त्यांना परतीची गाडी गाठायची होती. वाटेसाठी चार स्कोन बांधून दिले.

१२ ऑक्टोबर
टॉर्क्विल तीन दिवस फिरकला नाही. चला, माझा संकल्प आपोआप पाळला गेला.

१३ ऑक्टोबर
साली साठल्या होत्या. सहज बादली वाजवली.

आला. चार पावलं टाकून थांबत, पुन्हा चार पावलं. पोटाशी वाळलेलं रक्त. सालींना तोंड लावलं नाही. माझ्या हाताला नाक लावून उभा राहिला.

लॅकी लंगडत बंदूक घेऊन आला. म्हणाला, वहिनी, मी करतो, तुम्ही आत जा. मी 'नाही' म्हटलं.

त्याच्या हातून बंदूक घेऊन मागे सरले, ती उचलली. टॉर्क्विल पळाला नाही. एकच गोळी, तळहाताएवढ्या जागेत.

वारा नव्हता. त्या लोखंडी हरणाच्या दिवशीही नव्हता.