कालव्याचा वळसा

आबा, आपल्या घराचा रस्ता उघडला. शेजारच्या बागायतदारानं वाटेवर ठोकलेली तार निघाली, खांब निघाले, आन् आई आता कालव्याचा वळसा न घालता डांबरीवरून सरळ दारात येते. तुम्हाला हे कोण सांगणार, म्हणून मीच लिहायला बसलोय. चौथीपुढं शाळा टिकली नाही माझी, तवा अक्षराकडं बघू नका. सध्या कच्छात पवनचक्कीच्या साईटवर आहे. त्याआधी कुठं कुठं होतो ते सांगत नाही, पायाला भिंगरी म्हणायचा तुम्ही, ती आहेच अजून.

कुरकुंभच्या कंपनीत सुट्टी टाकून तुम्ही मला याच रस्त्यापायी दौंडच्या कोर्टात नेलं होतं, तो दिवस आठवतो. देवळात काढाव्या तशा तुम्ही दारात चपला काढल्या. आतला कारकून भला माणूस. म्हणाला, मामा, ऐपत नसंल तर मोफत वकील मिळतो. तुम्ही एवढंच विचारलं की तो घेतो काय? काहीच नाही म्हटल्यावर तुम्ही चपला घातल्या आन् निघालात. एसटीत म्हणालात, "जो आपलं काहीच घेत न्हाई, तो आपला कसा व्हईल? तो समोरच्याचं खाणार." आपल्यात काटा काढून देणाऱ्यालासुद्धा चहा पाजल्याबिगर सोडत नाहीत, त्यामुळं मलाही ते पटलं. पुढं तुम्हाला न्यायचं झालं तेव्हाही खांदेकरी कालव्याच्या चिखलातूनच गेले.

गेल्या साली कोर्टाची माणसं ग्रामपंचायतीत आली. बाईमाणसाला वकील मोफत, असं सांगितलं. अंगणवाडीच्या ताईनं आईला हाताला धरून नेलं आन् एक वकीलबाई मिळाल्या, शिरूरकडच्या, वयानं माझ्याएवढ्या. आईनं पहिल्या तारखेला वांगी नेली, त्यांनी परत दिली. दुसऱ्या तारखेला गूळ नेला, तोही परत. रडवेली होऊन तिनं मला फोन केला, "तुझा बाप खरं बोलत व्हता. ही बाई काय घीना. मी केस सोडती."

मी गाडी पकडून आलो. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाईंना सरळ सांगितलं, तुम्ही काही घेत नाही म्हणून आई घाबरलीय. त्या आधी हसल्या. मग आईशेजारी खाली फरशीवर बसल्या आन् म्हणाल्या, "मावशी, फी मला सरकार देतं. तुमच्याकडून घेतली तर वकिलीची सनद जाईल माझी. पण भूक लागलीय. डब्यात काय आहे?"

बाजरीची भाकरी होती, ठेचा होता. त्या खातायत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, तरी हात थांबत नाही, आन् आई पाण्याची बाटली धरून बघत बसलीय. खाऊन झाल्यावर आई माझ्या कानात म्हणाली, "आता बोलू दे तिला जजापुढं." बाई बोलल्या. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना साक्षीला उभं केलं, त्यांनी सांगितलं की आम्ही पोरं होतो तवापासनं ही वहिवाट हाय. निकाल आपल्या बाजूनं लागला.

तार निघाली त्या दिवशी मी डांबरीपासून दारापर्यंत चालत गेलो, परत आलो, परत गेलो. आई उंबऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, "आरं, झिजंल की रस्ता. कुठं निघालास एवढा?"

काहीतरी काम आहे असं पुटपुटलो. हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो आबा. मला कुठंच जायचं नव्हतं.