कमांडमधलं ‘यंत्र’

मंगळवार संध्याकाळ, न्यूनेन, नेदरलँड्स

जेवण गेलंच नाही. आमच्या ऑफिसात मशीनच्या चाचण्यांची फाइल उभी येते, एकाखाली एक आकडे. रिपोर्टला ते आडवे लागतात, प्रत्येक मशीनची एक ओळ. माझ्या शेजारी बसणारा योरिस हे हाताने कॉपी-पेस्ट करायचा, अख्खी सकाळ. दया आली, म्हणून मीच त्याला कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर ‘ऑक’ या प्रोग्रामची, उभे आकडे आडवे करणारी कमांड लिहून दिली. एंटर मारलं की काम झालं.

आज मीटिंगमध्ये त्याने तीच कमांड पडद्यावर दाखवली. मॅनेजर खूश. “योरिस, कमाल केलीस!” हा नुसता हसतोय. एकदा तरी माझ्याकडे बघावं?

कमांडमध्ये मी मशीनसाठी ‘यंत्र’ लिहिलं होतं, इंग्रजी अक्षरांत. तेही त्याने बदललं नव्हतं! कुणीतरी विचारलं, “यंत्र म्हणजे काय?”

योरिस म्हणाला, “काही नाही, असंच एक नाव दिलंय.”

मग मात्र मी बोलले. “मराठीत मशीनला यंत्र म्हणतात. ही कमांड माझी आहे.”

योरिस कॉफीच्या कपात बघत बसला. मॅनेजर हसून म्हणाली, “अगं, आपण सगळे एकच टीम ना! चला, पुढचा मुद्दा.”

आणि मी? मी मुकाट्याने पुढचा मुद्दा लिहून घेतला.