दिव्यावरचं कुंकू

आश्विन शुद्ध द्वादशी, खामगाव

दसऱ्याच्या कुंकवात तेल कालवू नये, असं एकाही शास्त्रकाराने लिहून ठेवलं नाही, याचा मी निषेध करतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते आमच्या जुन्या मोटारीच्या दोन्ही दिव्यांना फासलं आणि पासिंगच्या नव्या केंद्रात मशीनने तिला अंध ठरवलं. पूर्वीचे आरटीओचे साहेब हॉर्न वाजवून हसायचे आणि सही करायचे. मी केंद्रातल्या माणसाला म्हणालो, अहो, हे मांगल्य आहे.

सोबत आलेला रशीद मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, मशीनले कुंकू समजत नाही. दिवे पुसून घेसान, पण ब्रेकाचं काय करसान?"

ब्रेकही नापास. त्याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत, म्हणजे मोटार भंगारातच जाणार. मग संध्याकाळभर मी ते कुंकू का घासत बसलो? दुसरं हातात काही नव्हतं म्हणून. तरी गेलं नाहीच.

खरं ते लिहून टाकतो. घरात आप्पा मला पाहुणा समजतात. "तुम्ही कोण्या गावचे?" विचारतात. मोटारीत शेजारी बसले की मात्र म्हणतात, "बाळ्या, गियर बदल ना बे." ती भंगारात गेल्यावर ते मला कुठे ओळखतील, मला माहीत नाही.