जीपची चासी, बाबांची बॉडी

१ मार्च, रविवार, सकाळी ७
ठरलं. येत्या बावीस तारखेला, रविवारी, बाबांना आत्याकडे नेणार. बाबांच्याच गाडीतून. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय शहाऐंशी, डोंगरावर राहते. शेवटचे सहा किलोमीटर रस्ताच नाही, नुसते दगड. तीन वर्षं बहीण-भावाची भेट नाही. बाबा रोज कॅलेंडरकडे बघतात.

बाबांची जुनी मोटार अकरा वर्षं अंगणात उभी होती. इंजिन गेलेलं, खालचा पत्रा सडलेला, पण मागची सीट अजून फर्स्टक्लास. माझी आयडिया: खाली जीपची चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा, वर बाबांची बॉडी. खाली ताकद, वर आराम. मिस्त्रीने काल बॉडी चासीवर बसवून दिली. आता काय, किरकोळ काम उरलंय.

बायको म्हणाली, एका दिवसापुरती जीप भाड्याने आणू, बाबांच्या पाठीला उशी लावू. मी उठून गाडीकडे गेलो. रागावर ताबा, हा या महिन्याचा संकल्प.

३ मार्च
पहिली ट्रायल. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत. बायकोचं म्हणणं, तिचं डोकं तीनदा टपाला आपटलं. साफ खोटं. दोनदाच. आतला दिवा निखळून माझ्या मांडीत पडला, तो अकरा वर्षांपूर्वीच सैल होता.

मिस्त्री म्हणाला, साहेब, हे स्प्रिंगचे पाटे जीपच्या लोखंडी बॉडीच्या वजनाचे. तुमची बॉडी हलकी, पाटे दबतच नाहीत, म्हणून गाडी उंच राहते आणि उडते. मागचे दोन-दोन पाटे काढू, शॉकअप बदलू, मग घरची सगळी माणसं आत बसवून उंची मोजू. माणसं बसवून! म्हणजे सगळ्यांना गोळा करायचं, वर त्यांचे शेरे ऐकायचे. छे.

बाबांनी पायरीवर पाय ठेवला, वर बघितलं, पाय खाली घेतला आणि पेपर वाचायला गेले. ओरडले असते तर चाललं असतं. फार लागलं मला ते.

६ मार्च
मिस्त्रीला सांगितलं, तू येऊ नकोस, मी बघतो. दोन पाटे म्हणे! घाबरट माणूस. एका बाजूला आठ पाटे होते, मी पाच काढले. दुसऱ्या बाजूचेही पाच. काय सुंदर खाली बसली गाडी! फोटो मेव्हण्याला पाठवला. त्याचं उत्तर: रिकामी आहे म्हणून.
त्याला ब्लॉक केलं. संकल्प मोडला नाही. ब्लॉक करणं म्हणजे रागावणं नव्हे.

८ मार्च, रविवार
बाबा, बायको, मी आणि मेव्हणा. त्याला कुणी बोलावलं होतं? हिनेच, दुसरं कोण. गाडी चार हात पुढे गेली आणि मागून खर्रर्र. टायर वरच्या पत्र्याला घासला. जळक्या रबराचा वास. सगळे उतरले, गाडी आपोआप वर आली, मी एकट्याने झकास फिरवून आणली.
मी म्हणालो, गाडीत दोष नाही, माणसं बसली की बिघडते. यावर मेव्हणा इतका हसला की त्याला ठसका लागला. हिने धावत जाऊन पाणी आणून दिलं. माझ्या घरातलं पाणी!

११ मार्च
थंड डोक्याने विचार केला. दोन्हीकडे एकेक पाटा परत चढवायचा, बस्स. संकल्प: कामाच्या वेळी फोन घ्यायचा नाही.
काम चालू असताना मेव्हण्याचा फोन. ब्लॉक आहे म्हणून हिच्या फोनवरून. पंचवीस मिनिटं सल्ला. एका हातात पाना, एका हातात फोन, आणि तोंडाने भांडण. तरीही काम पूर्ण. माझ्यासारखं दुसऱ्याला जमलं नसतं.

१२ मार्च
गाडी डावीकडे कललीय, असं बायकोचं मत. गाडी नाही, अंगण कललंय. डोळे आहेत की नाहीत या घरात कुणाला?

१३ मार्च
ही म्हणाली, मग गाडी उलटी उभी करून बघा. केली. काल भिंतीकडे झुकत होती, आज फाटकाकडे झुकतेय. अर्थातच. अंगण दोन्ही बाजूंनी उतरतं. पाणी जायला मध्ये उंच ठेवतात.
हिने ताट काठोकाठ पाण्याने भरून फरशीवर ठेवलं. थेंब सांडला नाही. मी ताट तपासलं. ताटच वाकडं आहे.

१७ मार्च, संध्याकाळी ६
हद्द झाली. बाबांनी मला न विचारता भाड्याच्या जीपवाल्याशी रविवारचं ठरवलं. मला कळलं कसं? तोच पत्ता विचारायला दारात उभा!
मी खूप बोललो. म्हणालो, जगाचा विश्वास नसला तर नसो, सख्ख्या बापाचाही नाही? तीन आठवडे मी कुणासाठी तेलात लोळतोय? बाबा म्हणाले, मला गाडी नकोय रे, मला अक्का भेटायला हवीय. मी म्हणालो, भेटेल, पण माझ्या गाडीतून भेटेल. आणि जीपवाल्याला तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. त्याने दुसरं भाडं घेतलं. आता मागे फिरणं नाही.
नंतर पाना फेकला. मडगार्डला लागला. पोचा आला आहे, लांबून दिसत नाही.

२० मार्च
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तीन दिवस झाले. जेवायला बसले की माझ्याकडची वाटीसुद्धा हिच्यामार्फत मागतात. नका बोलू. रविवारी बोलाल.
मिस्त्रीला बोलावलं. माफी वगैरे मागितली नाही, चहाला बोलावलं. तो बसलासुद्धा नाही. वाकून एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. म्हणाला, साहेब, उजवीकडे चार पाटे आहेत, डावीकडे तीनच. डावीकडचा चढवायचा राहिला.
फोनमुळे. म्हणजे मेव्हण्यामुळे. मला माहीतच होतं.
मिस्त्रीला सोमवारपर्यंत सवड नाही. त्याच्यावाचून माझं काही अडत नाही. उद्या मीच चढवतो, दोन तासांचं काम.

२१ मार्च, दुपारी ४
पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला. चूक बोल्टची. त्या मापाचा बोल्ट गावातल्या एकाच दुकानात मिळतो. उद्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक मी.

२२ मार्च, रविवार, सकाळी ९
दुकान बंद. रविवारी दुकान बंद ठेवतात! धंदा करायचा आहे की नाही लोकांना? डावं मागचं चाक काढलेलं, गाडी त्या बाजूने लाकडाच्या बुटक्या ठोकळ्यावर. बाबा सकाळी सहापासून इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसलेत. मी त्या बाजूने गेलो नाही.

संध्याकाळी ५
आत्या आली. अकरा वाजता, दूधवाल्याच्या टेम्पोत पुढे बसून. हिने परवाच तिला कळवलं होतं. आत्या म्हणाली, टेम्पो रोज खाली येतो आणि रोज वर जातो, कुणी विचारलंच नाही. मी म्हणालो, मला कुणी सांगितलंच नाही.

गाडीची डावी बाजू जमिनीला टेकल्यासारखी झाली होती, म्हणून बाबा आणि आत्या दोघांनाही आत शिरायला सोपं गेलं. मागच्या सीटवर बसले. आत्याने बाबांचा हात जो धरला तो सोडलाच नाही. दोन तास बोलत होते, मधेच हसत होते. मी बाहेर उरलेले नट साफ करत होतो. एक हातोडी मारली तर बाबांनी काच खाली केली. पाच दिवसांत माझ्याशी पहिलं वाक्य: ठोकाठोकी बंद कर.
आत्या म्हणाली, गाडी फार मऊ झालीय रे, छान बसवलीस, आता हिला हलवू नकोस.

चारला टेम्पो परत वर निघाला. आत्या बसली. तिच्या शेजारी बाबा बसले. त्यांची बॅग हिने कालच भरून ठेवली होती. महिनाभर राहतो म्हणाले. फाटकातून मला हात केला, रागही नव्हता चेहऱ्यावर. तेच सहन होत नाही. सहा किलोमीटर दगडांवरून, दुधाच्या कॅनना पाठ लावून, खुशाल गेले.

सगळे आत गेल्यावर मिस्त्रीला फोन लावला. म्हणालो, उद्या सकाळी ये, बोल्ट मी आणतो, दोन्ही बाजू सारख्या करू, शॉकअपसुद्धा बदलू, तू म्हणशील तसं.
तो येतो म्हणाला. मग त्याने विचारलं, साहेब, गाडी कुठे न्यायची आहे आता?
मी फोन ठेवला.