मेईलानचा बारावा अध्याय

चोपडा,
श्रावण वद्य तृतीया, १९९१

तीर्थरूप सुगंधाअक्काच्या पायांशी धाकट्या जीवरामचा दंडवत. तुझी कंबर कशी आहे? दाजींना म्हणावे, गुडघा दुखत असताना एसटीत उभे राहून धुळ्याला जाऊ नका. इकडे भिकुमावशी आणि मी दोघे आहोत. द्रौपदा गेल्यापासून तिच्या या मावशीच भाचजावयाला सांभाळतात. (भाजी मी करतो. मीठ कधी दोनदा पडते, कधी पडतच नाही. मावशी दोन्ही भाज्या मुकाट खातात.)

तुला ठाऊकच आहे, मी मुलांसाठी चिनी पुराणांवरून कादंबरी लिहीत होतो. शाळेच्या कपाटात चिनी दंतकथांचे जाडजूड पुस्तक सापडले. त्यातले ड्रॅगन आणि चंद्रावर खलबत्त्यात औषध कुटणारा ससा पाहून वाटले, आपल्या पोरांनी हे का वाचू नये? (चोपड्यात बसून चीन लिहायला हिंमत लागते, असे हेडमास्तर म्हणाले. सूर कौतुकाचा नव्हता.) माझी मेईलान चौदा वर्षांची. आई आजारी, म्हणून ड्रॅगनच्या पाठीवर बसून चंद्रावरचे औषध आणायला निघते. अकरा प्रकरणे मी द्रौपदाला वाचून दाखवली. ती खाटेवर पडल्या पडल्या चुका काढायची. पोरगी एवढ्या लांब निघाली आणि सोबत भाकर नाही? मी भाकर घातली. (चीनमध्ये ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मिळते की नाही, हे तपासले नाही.)

ती गेल्यावर वही तिच्या लाल लुगड्याच्या तुकड्यात बांधून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली, कसर लागू नये म्हणून. चूक तिथेच झाली. लाल फडक्यात बांधलेली, हाताने लिहिलेली वही म्हणजे पोथी. मावशींना त्यापुढे विचार करायचे कारणच नव्हते. मी शाळेत असताना त्यांनी श्रावणाचे पारायण मांडले, रोज एक अध्याय. सातवी झालेल्या लीलाबाई वाचणार, आळीतल्या सात-आठ जणी ऐकणार. नागपंचमीला ड्रॅगनला दूध दाखवले (पाय असले तरी नागच). कोणी मेईलानचे गाव विचारले, तर मावशींनी शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्यात, असे ठणकावून सांगितले. मला पत्ता लागला तेव्हा दहावा अध्याय चालला होता आणि यशोदाबाई पदराने डोळे पुसत होत्या. अक्का, माझ्या लिखाणावर आजवर कोणी रडले नव्हते. मी पारायण चालू दिले.

अकरावा अध्याय संपला आणि पुढे कोरी पाने. पोथी अर्धी सोडता येत नाही. समाप्ती होईपर्यंत मावशी एकवेळच जेवणार. वय पंच्याहत्तर, पाय सुजलेत. मी खरे काय ते सांगून टाकले, की ही पोथी नाही, माझी गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, "मंग लिख ना. बठ्ठ्या बाया वाट देखी राह्यन्यात." आळीतल्या सगळ्या जणी खोळंबल्या, हे खरेच होते. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा मेईलान औषध घेऊन घरी पोचते आणि खाट रिकामी असते. तिसरे पान मावशींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "पोथीमा माय मरस नही, जीवराम." त्या संध्याकाळीही त्या जेवल्या नाहीत.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो धाकट्यावर जरा जास्त असू दे.

तुझा
जीवराम

ता. क. समाप्तीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठरली आहे. त्यासाठी तुला बोलावले, एवढेच दाजींना सांग.

आणखी ता. क. शेवटचे पंधरा दिवस तू धुळ्याच्या दवाखान्यात द्रौपदापाशी होतीस आणि मी इथे दहावीच्या परीक्षेवर. मेईलान घरी पोचली का, असे ती रोज विचारायची, हे तू तेराव्याला सांगितलेस. शेवट लिहिला होता का, असेही मला विचारलेस. मी हो म्हणालो. अक्का, एक ओळही लिहिली नव्हती. ते प्रकरण राहिले आहे तोवर ऐकायला ती राहील, असे मला वाटायचे. आणि परीक्षेचे काम माझ्यावर कोणी लादले नव्हते. मी ते मागून घेतले होते.

शेवटचे. काल चौथ्यांदा लिहिले. आई औषध पिते, उठून बसते आणि लेकीला विचारते, तू जेवलीस का? त्यापुढे माझ्याच्याने वाचवत नाही. पत्र मिळेल त्या गाडीने ये आणि तू वाच. द्रौपदा विचारायची ते तुलाच.